स्वर्गाचे नागरिक, तंजावरचे रहिवासी

कुंभकोणमहून तंजावरकडे निघालेल्या गाडीने स्वामिमलै सोडले, की सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. आजूबाजूला कावेरीच्या पाण्यावरची भातशेती, आणि गावाला नाव मिळाले आहे ते देवळावरून. सुंदरपेरुमाळ म्हणजे सुंदर विष्णू; कोयिल म्हणजे त्याचे घर. येथल्या माणसाला ‘तुम्ही राहता कोठे?’ असे विचारले, तर तो देवाच्या घराचे नाव सांगतो. आणि आपण काही अलौकिक बोलत आहोत हे त्याच्या गावीही नसते. लगेच तो पाटाच्या पाण्याविषयी आणि भाताच्या भावाविषयी बोलू लागतो. पत्ता देवाचा आणि व्यवहार शेताचा, यात त्याला कोणताच विरोध जाणवत नाही.

याच गावच्या मुक्कामात दोन कुरवंज्या एकापाठोपाठ एक वाचण्याचा योग आला. एक मराठी, एक तमिळ. दुसरी अर्थातच शेजारच्या एका तमिळ गृहस्थांच्या मदतीने. पहिली तंजावरच्या सरफोजी राजांची ‘देवेंद्र कुरवंजी’, दुसरी वेदनायकम् शास्त्री यांची ‘बेथलेहेम कुरवंजी’. दोघेही श्वार्ट्झ या एकाच जर्मन पाद्र्याच्या हाताखाली वाढलेले. वयात तीन वर्षांचे अंतर. शास्त्री १७७४ सालचे, राजे १७७७ सालचे. एक हिंदू राहिला, दुसरा जन्मतःच ख्रिस्ती. दोघांनी एकच नाट्यप्रकार हाती घेतला, आणि दोघांसमोर प्रश्नही एका अर्थी एकच होता: माणूस नेमका कोठला? मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पहिल्या कृतीला एखादी ओळ मिळते. दुसरीचा उल्लेखही होत नाही. परंतु या दोहोंना शेजारी ठेवल्यावाचून ख्रिस्ती धर्मातील एका मोठ्या कल्पनेचे आपल्याकडे काय झाले, हे ध्यानात येत नाही, असे मला वाटते.

ती कल्पना अशी, की श्रद्धावान माणूस राहतो पृथ्वीवर, पण त्याची नोंद असते स्वर्गाच्या दप्तरी. सेंट पॉलने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात ती येते, आणि मराठी बायबलाने त्यासाठी ‘नागरिकत्व’ हा शब्द वापरला आहे. पुढे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात पूर्वजांचे वर्णन येते तेही या जगातले उपरे आणि वाटसरू असेच. या दोन स्थळांवर ख्रिस्ती वाङ्मयाचे एक प्रचंड दालन उभे आहे. बन्यनच्या यात्रेकरूची गोष्ट त्यातलीच. हरि केशवजी यांनी १८४१ सालीच ‘यात्रिकक्रमण’ या नावाने ती मराठीत आणली. या दालनात वावरणाऱ्या वाचकाची सामान्यतः अशी समजूत होते, की स्वर्गाचा नागरिक म्हणजे येथून निघण्याच्या तयारीत बसलेला, गाठोडे बांधून गाडीची वाट पाहणारा माणूस. आपल्याकडे या श्रद्धेवर जी टीका झाली तीही याच समजुतीवर. ज्याचे चित्त परलोकी, त्याला इहलोकाच्या दुःखाशी काय देणेघेणे? आणि ज्याचा देश स्वर्ग, त्याला हा देश आपला कसा वाटावा?

पण पॉलचे पत्र कोणत्या गावी गेले याचा थोडा विचार केला, तर चित्र पालटते. फिलिप्पै हे मॅसेडोनियातले गाव. पण ते रोमन वसाहत होते. युद्धातून निवृत्त झालेल्या रोमन सैनिकांना तेथे जमिनी देऊन वसवले होते. रोम शेकडो कोस दूर. पण तेथल्या वसाहतकरांचे नाव रोमच्या यादीत, कायदा रोमचा, हक्क रोमचे. अशा माणसाकडून कोणाची अपेक्षा काय होती? त्याने रोमला परत जावे, ही खचित नव्हे. त्याने मॅसेडोनियात राहावे आणि रोमनासारखे राहावे, एवढीच. पॉलचे पत्र वाचणाऱ्या मंडळीला हा दाखला समजावून सांगण्याची गरज नव्हती. तो तिच्या गल्लीतलाच होता. मौज अशी, की याच गावात पॉलला फटके मारून तुरुंगात टाकल्याची हकीकत ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्याला गुपचूप सोडून देण्याचा हुकूम पाठवला, तेव्हा हा स्वर्गाचा नागरिक म्हणाला, की मी रोमचा नागरिक आहे, चौकशीवाचून मला मारले आहे, आता तुम्ही स्वतः येऊन मला बाहेर काढा. आणि त्यांना यावे लागले. दोन नागरिकत्वे एका माणसाच्या ठायी सुखाने नांदत होती, आणि एकाच्या नावावर दुसरे त्याने सोडून दिले नव्हते.

आपल्या संतांना ही भाषा परकी नाही. आपला मूळ ठाव वैकुंठ, येथे आलो ते काही कामापुरते, असे तुकोबांनी स्वतःविषयी सांगून ठेवले आहे. आणि ते काम कोणते, तर आधीच्या थोरांनी जे सांगितले ते आचरून दाखवण्याचे. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुईट गोमंतकात आला आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले, तेव्हा त्यानेही ख्रिस्ती स्वर्गासाठी वैकुंठ हाच शब्द पसंत केला. मराठीपुरती ही श्रद्धा सुरुवातीपासून घरच्याच कपड्यात वावरते आहे.

आता कुरवंजीकडे वळू. हा तमिळ नाट्यप्रकार अठराव्या शतकात बहरला. त्याचा सांगाडा ठरलेला असतो. नायक देव असेल किंवा राजा. त्याची मिरवणूक निघते. नायिका त्याला पाहते आणि विरहाने झुरू लागते. मग टोपली आणि काठी घेऊन डोंगरातली कुरत्ती येते. ती कुरव जमातीची भविष्य सांगणारी फिरस्ती बाई. आपला डोंगर कसा, आपण कोणकोणते देश पालथे घातले, हे ती ऐटीत गाते. मग नायिकेचा हात हाती घेऊन भविष्य सांगते, की तुझी त्याची भेट होणार. शेवटी तिचा नवरा सिंगन पाखरे धरता धरता तिला शोधीत येतो, आणि त्यांचे लटके भांडण रंगते. मराठी वाचकाने एकनाथांच्या भारुडातला जोशी आठवावा. दारोदार हिंडणाऱ्या, समाजाने काठावर ठेवलेल्या माणसाच्या तोंडी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट घालायची, ही युक्ती दोन्हीकडे एकच आहे.

सरफोजींनी या सांगाड्यात जे भरले ते पाहून कोणीही चकित होईल. कुरत्ती देशोदेश फिरलेली असते ना? मग तिच्या तोंडून पृथ्वीचा सबंध भूगोलच ऐकवायचा, असे राजांनी ठरवले. खंडे, देश, समुद्र यांची माहिती त्यांनी रागतालांत बांधली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५० साली हे पुस्तक छापले, तेव्हा पदांतून जगाचा भूगोल सांगणारे मराठी नाटक अशीच त्याची ओळख करून दिली. काव्य म्हणून त्याचा दर्जा मोठा आहे असे म्हणवत नाही. नावांची माळ लांबत जाते आणि रस आटतो. शाळेतल्या मुलाने पाठांतरासाठी म्हणावी अशी पुष्कळ पदे आहेत. आणि ज्या राजाने ‘नवविद्याकलानिधि’ नावाची शाळा आणि छापखाना काढला, ज्याच्या छापखान्यातून १८०६ साली इसापनीतीचे मराठी भाषांतर बाहेर पडले, त्याच्या मनात मुलेच नसतील असे नाही. परंतु कृतीमागची दृष्टी विलक्षण आहे. नाव देवेंद्राचे, म्हणजे स्वर्गाच्या राजाचे. आणि शिकवायची पृथ्वी! कुरवंजीच्या शीर्षकात ज्याचे नाव तो नायक, असा संकेत. स्वर्गाधिपतीला नायक करूनही ज्याचे सारे चित्त पृथ्वीच्या नकाशावर, असा हा कवी.

आणि हा कवी होता कोण? १७९९ सालच्या तहाने ज्याचे राज्य कंपनी सरकारकडे गेले आणि ज्याच्या अमलाखाली किल्ल्यापलीकडे फारसे काही उरले नाही, असा राजा. किल्ल्याच्या चार भिंतींत बसून त्याने चारी दिशांची खंडे गायिली. याच राजाने १८०३ साली बृहदीश्वराच्या चोळकालीन देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा सगळा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तमिळ देशातल्या दगडावर मराठी अक्षरे. व्यंकोजी राजे तंजावरी येऊन तोवर सव्वाशे वर्षे उलटली होती. तो शिलालेख पाहताना फिलिप्पै आठवल्यावाचून राहत नाही. तंजावरच्या मराठ्यांना कोणी परत वेरूळला किंवा पुण्याला बोलावले नव्हते, आणि त्यांनाही जायचे नव्हते. पण नोंद कोठली, हे भिंतीवर लिहून ठेवावेसे वाटले. कुंभकोणमात १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांना ‘आपण कोठले?’ असे कोणी विचारले असते, तर त्यांनी एका शब्दात काय उत्तर दिले असते, कोण जाणे. असो.

वेदनायकम् शास्त्र्यांची वाट अगदी उलट दिशेने जाते. त्यांच्या कुरवंजीचे नाव बेथलेहेमचे. म्हणजे पृथ्वीवरच्या, यहूदा प्रांतातल्या एका खेड्याचे. नायक तेथे जन्मलेला ख्रिस्त. त्याची मिरवणूक पाहून झुरते ती देवमोहिनी, सियोनची कन्या. ख्रिस्ती मंडळी हेच तिचे खरे रूप. हात पाहायला येणारी कुरत्ती म्हणजे विश्वास, श्रद्धा. तिचा नवरा जाळे लावतो ते माणसे धरण्यासाठी. सांगाडा जसाच्या तसा. पण प्रत्येक हाडावर वेगळे मांस चढवलेले. आणि एवढ्यावर थांबते तर ती एक धार्मिक रूपककथा झाली असती. शास्त्री हे शिक्षक होते, श्वार्ट्झच्या परंपरेतले. त्यांनी या कवितेत सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांचे, म्हणजे कोपर्निकसच्या विश्वाचे, वर्णन आणले आहे. स्वर्गाची ओढ सांगणाऱ्या कवितेत त्यांना आकाशाचे गणित अस्थानी वाटले नाही. डोळे वर लावलेल्या माणसाने निदान वर काय आहे ते नीट पाहिले, असे त्यांच्याविषयी म्हणता येईल.

दोहोंत काव्यगुण कोणाचे अधिक, हा वाद नाही, शास्त्र्यांचेच. सरफोजी माहिती गातात, शास्त्री ओढ गातात. विरहिणीची भाषा भक्तीला शतकानुशतके सरावलेली. तिच्यात नवे नाव बसवले तरी तिची आर्तता टिकून राहते. कुरत्ती हात हाती घेते आणि नायिका ऐकू लागते, त्या प्रसंगात स्वर्ग दूरचा देश उरत नाही. ज्याच्या मिरवणुकीची धूळ अजून रस्त्यावर उडते आहे, त्याच्या घरचे ते आमंत्रण होते.

तंजावरकडे एक गोष्ट सांगतात. राजांनी शास्त्र्यांना बृहदीश्वरावर कुरवंजी रचायला सांगितले आणि शास्त्र्यांनी नम्रपणे नकार दिला. आपली वाणी एकाच देवाला वाहिलेली आहे, असे ते म्हणाले. घराण्याच्या आठवणींत अशा गोष्टींना थोडा रंग चढतोच. पण गोष्टीचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. राजा रागावला नाही. पुढे मिशनशी बिनसल्यावर शास्त्र्यांना आश्रय मिळाला तो याच राजाच्या दरबारात. राजाचे स्वतःचे स्तुतिनाट्य, ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’, शिवक्कोळुंदु देशिकर यांनी रचले आणि ते मोठ्या देवळात होत असे. एका दरबारी तीन कुरवंज्या: एक राजाची, एक पृथ्वीची, एक स्वर्गाची.

मग श्वार्ट्झ स्वतः कोण होता? १७५० साली तो तरंगंबाडीच्या डॅनिश वखारीत उतरला आणि १७९८ च्या १३ फेब्रुवारीला तंजावरी वारला. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत तो मायदेशी एकदाही परतला नाही. तमिळ तर तो शिकलाच. तुळजाजी राजांशी बोलता यावे म्हणून मराठीही शिकला. १७७९ साली मद्रासच्या सरकारने हैदरअलीकडे बोलणी करायला याच पाद्र्याला श्रीरंगपट्टणास पाठवले. पुढे हैदराच्या स्वारीत किल्ल्यात धान्याचा तुटवडा पडला. रयत आधीच्या अनुभवाने पोळलेली, माल द्यायला कोणी धजेना. तेव्हा श्वार्ट्झने पैशांची हमी घेतली आणि त्याच्या एका शब्दावर बैलगाड्या किल्ल्यात आल्या. सरकारी नोकरीत ज्यांनी एखादा दुष्काळ किंवा पूर पाहिला असेल, त्यांना हे यश किती दुर्मीळ आहे ते सांगायला नको. तुळजाजींनी मरणकाळी दत्तक मुलगा सरफोजी त्याच्या हवाली करू पाहिला. त्याने एकट्याने जबाबदारी घेण्याचे नाकारले, पण अमरसिंगाच्या अमदानीत मुलाचे हाल होऊ लागले तेव्हा त्याला सोडवून १७९३ साली मद्रासला पाठवण्यात पुढाकार त्याचाच. सरफोजी गादीवर बसला तो याच १७९८ सालात, श्वार्ट्झच्या मृत्यूनंतर अवघ्या काही महिन्यांनी. ते त्याला पाहायला मिळाले नाही.

सरफोजींनी आपल्या या गुरूचे स्मारक इंग्लंडातील प्रसिद्ध मूर्तिकार फ्लॅक्समन याजकडून करवून घेतले. शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये ते आजही आहे: पाद्री शय्येवर, आणि उशाशी मराठा राजा त्याचा हात हाती घेऊन. मला मात्र त्याहून बोलकी वाटते ती सेंट पीटर चर्चमधल्या समाधीवरची शिळा. तिच्यावर राजाने स्वतः रचलेली एक छोटी इंग्रजी कविता आहे. यमके बेताची, भाषा परकी, शिकाऊ हाताची. पण ती पुनःपुन्हा वाचावी. तो खंबीर होता, नम्र होता, कपट त्याला ठाऊक नव्हते. पोरक्यांचा बाप, विधवांचा आधार. योग्य ते स्वतः करणारा आणि मग इतरांना दाखवणारा, अशा आशयाचे ते वर्णन आहे. शेवटी राजा त्याला पिता म्हणून हाक मारतो आणि आपण त्याला शोभेसे व्हावे अशी इच्छा करतो.

या कवितेत स्वर्ग हा शब्द नाही. पाद्र्याच्या थडग्यावरचा लेख, आणि त्यात स्वर्ग नाही! तो कोठे गेला, कोणाला भेटला, त्याला कोणता मुकुट मिळाला, याबद्दल अक्षर नाही. जे आहे ते सारे तंजावरच्या गल्लीत घडलेले. ज्याने अर्धे शतक स्वर्गाच्या नागरिकत्वाचा उपदेश केला, त्याचा सर्वांत प्रिय शिष्य ते नागरिकत्व पत्करीत नाही. तो आपल्या देवांकडेच राहतो, पुढे १८२० साली मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रेला जातो. आणि तरीही गुरूची साक्ष देतो ती अशी, की त्या श्रद्धेच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला तिचे जेवढे दिसू शकते तेवढेच सांगतो. कोणाही ख्रिस्ती कवीच्या स्तोत्रापेक्षा या शिळेवरची साक्ष मला भक्कम वाटते. ज्याचा पत्ता स्वर्गाचा, त्याच्यामुळे येथल्या पोरक्या मुलाला काय मिळाले, याचा तो जमाखर्च आहे. आणि लिहिणारा स्वतः पोरका होता.

येथवर सगळे उजळ आहे, आणि येथेच लेख संपवता आला असता. पण ‘बेथलेहेम कुरवंजी’च्या कवीकडे पुन्हा वळावे लागते.

तंजावरच्या ख्रिस्ती मंडळीत वेल्लाळ आणि परैयर चर्चमध्ये निरनिराळ्या बाजूंना बसत. ही रीत श्वार्ट्झनेही मोडली नव्हती. काळाने ती आपोआप जाईल अशी त्याची अटकळ असावी. त्याच्यानंतर आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी ती मोडायचे ठरवले. तेव्हा तिच्या बाजूने लेखणी उचलली ती वेदनायकम् शास्त्र्यांनी. १८२९ च्या सुमारास त्यांनी या विषयावर जळजळीत लिहिले. त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. नवे पाद्री केवळ जातिभेदावर हात घालून थांबले नव्हते. जुने तमिळ बायबल, देवळातली फुले, तमिळ गाण्याची पद्धत, सगळेच त्यांना बदलायचे होते. शास्त्र्यांना या साऱ्यात परक्यांचा उर्मटपणा दिसला, आणि त्यातला बराचसा होताही. पण जातीची बाजू घेताना त्यांनी जो युक्तिवाद केला त्याचा मथितार्थ असा, की जात हा या देशाचा लौकिक आचार आहे. स्वर्गाच्या नागरिकत्वाशी त्याचा संबंध नाही. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप विल्सन यांनी जातिभेद सोडण्याचा स्पष्ट हुकूम काढला, आणि तंजावरची मंडळी त्यावरून दुभंगली.

हाच तो धोका. स्वर्ग आणि पृथ्वी असे दोन हिशेब ज्याने मांडले, त्याला अडचणीची रक्कम दुसऱ्या वहीत टाकता येते. नागरिक तेथला म्हणून येथली बाकडी जशी आहेत तशीच राहू द्या, असे म्हणण्याची सोय या श्रद्धेत आहे. आणि वेदनायकम् शास्त्र्यांसारख्या थोर कवीने तिचा उपयोग केला. फिलिप्पैच्या दाखल्यात ही सोय बसत नाही. रोमचा कायदा रोममध्ये आणि मॅसेडोनियात गावचा रिवाज, असे तेथल्या वसाहतकराने म्हटले असते, तर मग तो रोमन कशाचा?

आणि आता कविता पुन्हा उघडावी. तिच्यात विश्वासाचे रूप कोणाला दिले आहे? कुरत्तीला. टोपलीवालीला, डोंगरातल्या फिरस्तीला, जिला कोणत्याही प्रतिष्ठित घरात ओसरीपलीकडे जागा नाही. ती सियोनच्या कन्येच्या महालात शिरते, तिचा हात आपल्या हातात घेते, आणि तिच्या स्पर्शावाचून तारणाची वार्ता पोचत नाही. कवितेच्या घडणीचा सारा भार त्या स्पर्शावर आहे. हीच बाई रविवारी तंजावरच्या चर्चमध्ये आली असती, तर कवीने तिला कोणत्या बाजूला बसवले असते? सांगाडा जुना होता आणि तो शास्त्र्यांनी संकेत म्हणून घेतला, हे खरे. पण संकेताने जे केले ते विचाराने केले नाही. या एका जागी कविता कवीपेक्षा पुढे निघून गेली आहे, आणि तिला गाठण्याचा प्रयत्न त्याने केला नाही. शास्त्र्यांचे चाहते हा विषय टाळतात, आणि मिशनच्या इतिहासकारांना कवितेत रस नसतो. त्यामुळे एकाच माणसाची ही दोन लिखाणे कोणी एका मेजावर ठेवीत नाही.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात या प्रश्नाचे उत्तर एका बाईने दिले आहे, आणि तेही बाप्तिस्मा घेण्यापूर्वी. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या कोणालाही तो प्रसंग विसरता येणार नाही, की ज्यात त्या एकट्याच विचार करू लागतात आणि जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न स्वतःलाच घालतात. कोणी पाद्री समोर नाही, टिळकही उपदेश करीत नाहीत. उत्तर सापडते, आणि त्या क्षणी ठरते, की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला; पण स्वर्गाच्या दप्तरी त्यांची नोंद झाली असेल तर ती त्या पाण्याच्या दिवशी, असे मला नेहमी वाटत आले आहे. शास्त्र्यांना जी गोष्ट लौकिक म्हणून बाजूला ठेवता आली, ती या स्वयंपाकघरातल्या बाईला पहिली वाटली. कदाचित ती स्वयंपाकघरातली होती म्हणूनच.

टिळकांनी स्वतः १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. देशभक्तीपर कविता आणि ख्रिस्तभक्तीचे अभंग एकाच लेखणीने लिहिणाऱ्या या कवीला दोन नागरिकत्वांत निवड करण्याची गरज पडली नाही. त्यांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि १९३८ साली, त्यांच्याही मागे, ते प्रसिद्ध झाले. त्याची चर्चा येथे करीत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढेच नोंदवतो, की देवाच्या राज्याला ‘दरबार’ म्हणण्याची कल्पना टिळकांना महाराष्ट्रात सुचली, आणि तिच्या शंभर वर्षे आधी एका खऱ्याखुऱ्या मराठी दरबारात ख्रिस्ताची कुरवंजी लिहिणारा कवी आश्रयाला होता. टिळकांना याची खबर असती, तर ते शास्त्र्यांशी कडाडून भांडले असते आणि मग त्यांची पदे कीर्तनात गायिली असती.

एक काम मात्र व्हायला हवे. ‘देवेंद्र कुरवंजी’ आणि ‘बेथलेहेम कुरवंजी’ या दोन्ही एका पुस्तकात, समोरासमोरच्या पानांवर, देवनागरीत आणल्या पाहिजेत. तमिळ मूळ देवनागरी अक्षरांत आणि खाली मराठी गद्य अर्थ. प्रस्तावनेत १८२९ च्या वादाचे कागदही द्यावेत, वगळू नयेत. हे काम पुण्या-मुंबईत बसून होण्याजोगे नाही. तमिळ कानावर पडत असलेल्या, मोडी वाचू शकणाऱ्या आणि संध्याकाळी थोडा वेळ हाताशी असलेल्या एखाद्या बदलीवरच्या मराठी माणसानेच ते करावे. तंजावरपासून सुंदरपेरुमाळ कोयिलपर्यंतच्या पट्ट्यात दोन्ही भाषा घरात बोलणारी कुटुंबे आजही आहेत. अडलेल्या शब्दाला मदत मिळते, असा निदान माझा अनुभव आहे.